कोल्हापुरातून परदेशात कोडिंग कॉन्टेस्टला जायचंय? मग आधी कागदं गोळा करा

टीम सिलेक्ट झाली की कॉलेजात पेढे वाटतात, व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस पडतात, आणि मग आठवडाभरानं कुणीतरी विचारतं, "अरे पण पासपोर्ट कुणाकुणाकडं हाय?" तिथनं खरा खेळ चालू होतो. कोडिंग पोरांना येतंय म्हणूनच ती तिथंवर पोचलीत, अडकतंय ते सगळं बाकीच्यात. म्हणून हे आयसीपीसीसारख्या (म्हणजे कॉलेजच्या टीमांची जागतिक कोडिंग स्पर्धा) स्पर्धेसाठी बाहेर जाणाऱ्या टीमसाठी लिहितोय, दुसरी कुठली कॉन्टेस्ट असली तरी ऐंशी टक्के हेच लागू होतंय.

पहिलं काम, कागदपत्रांसाठी एक माणूस ठरवा आणि तो तिघांपैकी नको. आयसीपीसीत तिघांची टीम, एकच कॉम्प्युटर, पाच तास, तिथं प्रत्येकाचं डोकं लागतं, आणि त्यातला एकजण महिनाभर एजंट, बँक आणि कॉलेज ऑफिसच्या फेऱ्या मारत बसला तर प्रॅक्टिसचा बोऱ्या वाजतो. कोच सर असतील तर उत्तमच, नाहीतर रिझर्व्हमधला पोरगा किंवा शेवटच्या वर्षाची एखादी खमकी मुलगी बघा, जी ऑफिसात क्लार्कच्या टेबलासमोर उभं राहून सही घेऊनच बाहेर येते. अशी माणसं प्रत्येक कॉलेजात असतात, फक्त त्यांना कोडिंग येत नाही म्हणून कुणी विचारत नाही.

पासपोर्ट. हे सिलेक्शनची वाट बघत थांबायचं काम न्हाईच, रीजनलला, म्हणजे फायनलच्या आधीच्या विभागीय फेरीला, उतरतानाच अर्ज टाकून मोकळं व्हा. आपल्याकडं पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, फाइल पुण्याच्या ऑफिसकडं जाते. साधी फी १५०० रुपये, तत्काळला वर २०००. दहावीचं मार्कलिस्ट न्या, त्यावर नॉन-ईसीआर मिळतं, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाताना सरकारची वेगळी परवानगी लागत नाही असा पासपोर्ट. लई पोरांचा घोळ पत्त्यावर होतो, आधार गावच्या पत्त्याचं, राधानगरी नाहीतर शाहूवाडीकडलं, आणि पोरगं राहतंय कॉलेजजवळ रूमवर. मग पोलीस व्हेरिफिकेशनला गावातनं फोन येतो तेव्हा ह्याचा मोबाईल लॅबमध्ये सायलेंटवर. त्या आठवड्यात घरच्यांना सांगून ठेवा आणि अनोळखी नंबर उचला.

नावाचं तर विचारूच नका. आपल्यात आधारवर कधी आडनाव पुढं, कधी नाव पुढं, मधे वडलांचं नाव, मार्कलिस्टवर आईचं पण. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' असे दोनच रकाने, त्यात वडलांचं नाव साधारण गिव्हन नेममध्ये बसतं. आता नियम एकच, पासपोर्टवर जसं आहे तस्संच स्पर्धेच्या रजिस्ट्रेशनमध्ये, तस्संच तिकिटावर, तस्संच इन्शुरन्सवर. कारण आमंत्रण पत्र रजिस्ट्रेशनमधल्या नावानं येतं आणि व्हिसावाला ते पासपोर्टशी लावून बघतो. टीममध्ये दोन पाटील असले (असतातच) तर तिकीट काढताना पासपोर्ट नंबर कुणाचा कुणाला लागलाय ते दोनदा बघा.

व्हिसा कुठं जाताय त्यावर आहे. आयसीपीसीची २०२४ ची फायनल अस्तानाला झाली, कझाकस्तानात भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही, म्हणजे जत्राच. २०२५ ला बाकू होतं, अझरबैजानचा ई-व्हिसा ऑनलाइन भरायचा, साधारण तीन कामाच्या दिवसांत येतो, मात्र साइट सरकारीच बघून उघडा, हुबेहूब दिसणाऱ्या डुप्लिकेट साइट दुप्पट पैसे घेतात. युरोपातला शेंगेन व्हिसा (एकाच व्हिसावर बरेच देश) असला तर मात्र कंबर कसा, फी ९० युरो, इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा, अपॉइंटमेंट, बोटांचे ठसे, सगळं. अमेरिकेला इंटरव्ह्यू मुंबईला आणि त्याची तारीख मिळणं हीच एक स्पर्धा. नियम देशागणिक वेगळा असतोय, पण कुठंही जा, परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असलेली बरी.

आता आपल्या भागातली अडचण सांगतो. व्हिसाला वडलांचे इन्कम टॅक्स रिटर्न मागतात आणि टीममधल्या एकाचे तरी वडील शेतकरी असतातच, रिटर्न कधी भरलेलंच नसतंय. घाबरायचं कारण नाही. सातबारा आणि ८-अ काढा, कारखान्याचं ऊस बिल ज्या बँक खात्यात जमा होतं त्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट सही-शिक्क्यासकट घ्या, तलाठ्याचा किंवा तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडा. ही कागदं मराठीत असतात, तर नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर बरोबर लावा. आणि खर्च कॉलेज करतंय असं असेल तर प्रिन्सिपलचं पत्र फार वजनदार ठरतं, त्यात काय लिहायचं ते तुम्हीच टाइप करून न्या: कोण, कुठं, कुठल्या तारखेला, खर्च कोण करणार, आणि परत येऊन पुढची सेमिस्टर इथंच करणार. ऑफिसवर सोडलं तर "सदर विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात शिकत आहे" एवढ्या एका ओळीचं बोनाफाइड हातात मिळतं.

पैसा. वर्ल्ड फायनलसारख्या ठिकाणी स्पर्धेच्या दिवसांतलं राहणं-जेवण साधारण यजमान बघतात, विमान आपलं आपण. आमंत्रणात नेमक्या तारखा वाचा, एक रात्र आधी पोचलात तर ती रात्र तुमच्या खिशातनं. स्पॉन्सर शोधायला पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांना ईमेल टाकत बसू नका, उत्तरं येत नाहीत. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत जा, फौंड्रीवाले, मशिन शॉपवाले, त्यांच्या केबिनमध्ये बसा, चहा येईल, दहा मिनिटांत सांगा की तीन कोल्हापूरची पोरं कुठं निघालीत. कोड काय असतोय ते त्यांना समजावत बसायची गरज न्हाई, स्कोअरबोर्डचा फोटो दाखवा, प्रत्येक सुटलेल्या प्रॉब्लेमला टीमच्या टेबलाला रंगीत फुगा बांधतात ते सांगा, माणूस लगेच रंगतो. चेक मात्र कॉलेजच्या नावानं घ्या, पोरांच्या खात्यावर पैसे घेतले की पुढं हिशोबाला भांडणं ठरलेली. बाहेर खर्चाला फॉरेक्स कार्ड (परकी चलन भरलेलं कार्ड) एक, थोडे डॉलर रोख, आणि यूपीआय तिथं चालंल ह्या भ्रमात राहू नका.

मुंबईला पोचणं हा वेगळा विषय. फायनल ऑगस्टअखेर-सप्टेंबरात आली म्हणजे पावसाळा. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ पाणी येऊन हायवे बंद पडलेला आठवतोय ना? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ ला धोका. पंचगंगा चाळीसच्या पुढं सरकायला लागली की विचार करत न बसता एक दिवस आधी निघा. उजळाईवाडीचं विमान सोयीचं वाटतं पण पावसात ते रद्द झालं आणि पुढचं तिकीट वेगळं काढलेलं असलं तर पुढची कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते, तिथनं अंधेरीकडं टॅक्सी, रात्रीचं फ्लाइट असलं तर हे सगळ्यात निवांत.

सामानात आईचा हात आवरा. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, सुरक्षेच्या यादीतच आहे, त्यामुळं अंबाबाईला वाहिलेला नारळ आणि खोबऱ्याची वाटी घरीच खाऊन निघा. कांदा-लसूण चटणीत पण खोबरं असतंय पण ती वाटलेली, पॅक नीट करून चेक-इनमध्ये टाका, तेल सुटतंय म्हणून डबल पिशवी. भडंग बिनधास्त न्या, उलट जास्तच न्या, दुसऱ्या देशांच्या टीमशी ओळख करायला त्याच्यासारखं काही नाही. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, १०० वॉट-अवरच्या आतली, म्हणजे २७,००० एमएएचपर्यंत. बॅगेत घालून चेक-इनला दिली तर तुम्हाला परत बोलावून सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावतात, वर ठेवलेला चड्डी-बनियनचा गठ्ठा आधी बाहेर.

स्पर्धेसाठी स्वतःचा लॅपटॉप आत जात नाही, मशीन त्यांचंच. त्यामुळं निदान शेवटचे काही आठवडे लिनक्सवर, साध्या एडिटरात, तिघांत एकाच कीबोर्डवर प्रॅक्टिस करा. टीमचं नोटबुक, म्हणजे छापील कोडचा गठ्ठा, वर्ल्ड फायनलला २५ पानांची मर्यादा असते. ते प्रिंट कोल्हापुरातच काढा आणि पीडीएफ सगळ्यांच्या ईमेलला ठेवा, आणि त्यातला प्रत्येक कोड कागदावर बघून एकदा टाइप करून रन करून बघा, कारण छपाईत अंडरस्कोअर गायब झालेला असतो आणि चुकीच्या सबमिशनला, तो प्रॉब्लेम पुढं सुटला की, २० मिनिटं पेनल्टी बसते. प्रॅक्टिस सेशन असतं ते फोटो काढण्यात घालवू नका, प्रिंट कसं द्यायचं, जजला प्रश्न कसा विचारायचा, कंपायलर कुठला, हे तिथंच बघायचं. वेळेचा फरक बाकूला दीड तास आणि अस्तानाला अर्धाच, तेव्हा झोपेचं नाटक नको, रात्री मोबाईल बाजूला ठेवा म्हणजे झालं.

आणि परत येताना बोर्डिंग पास फेकून देऊ नका, तिघं आणि कोच, चारही जणांचे, मधल्या विमानांचे पण. कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला ते पाहिजेच असतात, टॅक्सीची पावती, जेवणाचं बिल, फॉरेक्स कार्डचं स्टेटमेंट, सगळं एका फाइलला लावून आल्या आल्या पहिल्या आठवड्यातच द्या, नाहीतर मार्चएंडला तुमची फाइल शोधत साहेब फिरतात आणि तुम्ही तोवर नोकरीला बेंगलोरला.