नीटच्या पेपरात डोकं दुखलं, मळमळलं तर काय करायचं

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा पेपर मे महिन्यात दुपारी दोन ते पाच असतो. केंद्राचं फाटक दीड वाजता बंद होतं, पण झडती आणि बायोमेट्रिक हजेरीसाठी मुलांना अकरापासून बोलावलेलं असतं. म्हणजे जेवणाची वेळ रांगेत जाते आणि चहाची वेळ पेपरात. लातूर, नांदेड, अकोला, नागपूरकडे तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो. त्यात आदल्या रात्रीची अर्धवट झोप. डोकं दुखायला याहून जास्त काही लागत नाही. मुलं याला टेन्शन म्हणतात, घरचे पित्त म्हणतात, आणि दोघंही त्या दिवसाच्या भरवशावर राहतात. खरं तर हा त्रास बहुतेक वेळा आदल्या चोवीस तासांत तयार होतो, त्यामुळे तो बराचसा टाळता येतो. तरीही झालाच, तर बाकावर बसल्या बसल्या करण्यासारखंही पुष्कळ आहे.

डोकेदुखी कुठली, ते आधी ओळखा

कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, दोन्ही बाजूंनी दुखतं, मान आणि खांदे ताठरलेले असतात, मळमळ जवळजवळ नसते: ही ताणाची डोकेदुखी. त्रासदायक असते, पण पेपर लिहू देते.

अर्धशिशी वेगळी. ठणका बहुधा एका बाजूला, जिना चढला की वाढणारा. उजेड आणि आवाज नकोसे, पोटात ढवळणं, कधी उलटी. उलटी झाल्यावर डोकं उतरतं, म्हणून घरोघरी तिला पित्त समजून अँटासिड दिलं जातं. वर्षानुवर्षं ‘पित्ताचा त्रास’ म्हणून सांगितलेली डोकेदुखी पुष्कळदा अर्धशिशीच असते. आई, मावशी, आजी यांच्यापैकी कुणाला असाच त्रास होता का, ते विचारा. ती घराण्यात चालते. शंका असेल तर परीक्षेच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरांना दाखवा. आदल्या दिवशी दाखवून फक्त गोळी मिळते, तीही न आजमावलेली.

तिसरा प्रकार चहा-कॉफीचा. रोज तीन-चार कप घेणाऱ्याने अचानक बंद केलं, तर १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि काही दिवस सुटत नाही. ‘पेपरच्या दिवशी चहा नको, सारखं लघवीला लागतं’ असा सल्ला म्हणूनच घातक ठरतो. कमी करायचाच असेल तर दोन आठवडे आधीपासून दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप घटवा. नाहीतर त्या दिवशीही नेहमीचा सकाळचा चहा घ्याच. दुपारी चारच्या चहाची सवय असेल, तर आत जायच्या आधीच्या खाण्यासोबत अर्धा कप पुरतो.

चौथा, आणि सगळ्यांत दुर्लक्षिलेला: रोज गोळी खाणाऱ्याचा. महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी घेतली जात असेल आणि हे तीन महिने चाललं असेल, तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवू लागते. कॅफीन मिसळलेल्या संयुक्त गोळ्यांच्या बाबतीत ही मर्यादा महिन्याला १० दिवसांचीच आहे. शेवटच्या महिन्यांत अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांमध्ये हे घडतं आणि घरी कुणाला पत्ता नसतो. पालकांनी दप्तरातल्या रिकाम्या स्ट्रिप्स मोजाव्यात, रागावण्यासाठी नव्हे, डॉक्टरांना खरा आकडा सांगता यावा म्हणून.

चष्म्याचा नंबर वर्षभर तपासलेला नसेल तर तोही तपासून घ्या. डोळ्यांवर ताण येऊन कपाळ दुखणं संध्याकाळी वाढतं, आणि पेपर नेमका त्याच वेळी शेवटाकडे आलेला असतो.

गोळ्यांबद्दल

एकच नियम कधी मोडू नका: परीक्षेच्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कुठलंही औषध घ्यायचं नाही.

डोकं दुखायला लागलंय असं गेटवर जाणवलं, तर पॅरासिटामॉल हा पहिला पर्याय. वजन ५० किलोच्या वर असेल तर ५०० ते ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, ग्लासभर पाण्यासोबत. गुण यायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणून एक वाजताची गोळी पेपर सुरू होताना उपयोगी पडते. ‘बघू थोडा वेळ’ म्हणत दीडला घेतलेली उशिरा. दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवा आणि चोवीस तासांत ३ ग्रॅमच्या आत राहा. सर्दी-तापाच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतं, तेही मोजायचं. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल तर मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. काहीच दुखत नसताना ‘असू दे’ म्हणून गोळी घेण्यात अर्थ नाही.

आयबुप्रोफेन रिकाम्या पोटी घेतलं की पोटात जळजळ आणि मळमळ होते, आणि शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडावर भार येतो. उन्हात तासभर रांगेत उभं राहिलेल्या मुलासाठी ती योग्य निवड नाही. दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. १६ वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

अर्धशिशीत जठराचं काम मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते. ज्यांना निदान झालंय त्यांनी पहिली चाहूल लागताच ठरलेलं औषध घ्यावं. उलटीची गोळी सोबत घ्यायची का, हे डॉक्टरांनी आधी ठरवून द्यावं. काही तरुण मुलांमध्ये मेटोक्लोप्रामाइडने मान वाकडी होते, जबडा आखडतो. ओन्डान्सेट्रॉनने गुंगी येत नाही, पण काहींचं डोकंच दुखतं. एसटीत गाडी लागू नये म्हणून घेतात ती अवोमिन मळमळ थांबवते, पण तासन्‌तास गुंगी आणते. केंद्र लांब असेल तर आदल्या दिवशीच त्या गावी मुक्कामाला जा. सकाळच्या प्रवासासाठी ती गोळी घेऊन पेपरात पेंगण्यापेक्षा ते परवडतं. मित्राने दिलेली ‘धडधड थांबवायची’ प्रोप्रॅनोलॉल तर अजिबात नको, दमा असणाऱ्याला ती जिवावर बेतू शकते.

ज्या मुलींची अर्धशिशी पाळीच्या आसपास उठते (साधारण दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत), त्यांनी तारखा मांडून महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलावं. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांनी स्वतःच मळमळ आणि डोकेदुखी होऊ शकते. अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येत असतील, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

त्या दिवसाचं घड्याळ

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. सकाळी भीतीने घास उतरत नाही, मग नऊला दोन बिस्किटं, आणि त्यावर थेट संध्याकाळ. साडेतीनला हात थरथरतात, डोकं जड होतं, रिकाम्या पोटात आंबट पाणी येतं.

साडेसातला नेहमीचा नाश्ता: पोहे, उपमा किंवा इडली, जे रोज खाल्लं जातं ते. साडेदहाच्या सुमारास खरं जेवण, पण पाऊण पोटाचं: वरण-भात किंवा दहीभात, सोबत पोळी-भाजी. मिसळ, वडापाव, तर्री, तळण नको. तेलकट अन्न जठरात रेंगाळतं आणि भीतीने आधीच मंदावलेलं पोट ते वर ढकलू पाहतं. प्रवेशपत्रावर दिलेल्या वेळेप्रमाणे आत जायच्या अर्धा तास आधी, गेटबाहेर सावलीत, एक केळं आणि शेंगदाण्याची छोटी चिक्की. हे तिसरं खाणं सगळे विसरतात आणि तेच पाच वाजेपर्यंत नेतं. तुमची वेळ अकराची असेल तर जेवण दहाला आणि हे खाणं फाटकाशी. दही-साखर द्यायची तर जरूर द्या; मुलाने किंवा आईने उपास मात्र धरू नये, आईची घेरी बघून मूल आत जायला नको.

पाणी सकाळपासून थोडं थोडं, दर तासाला साधारण २०० मिलिलिटर. लघवी फिकट पिवळी असली की पुरेसं झालं. ऊन फार असेल तर त्यातलं अर्धा लिटर ओआरएस असू द्या. पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचं; ग्लासात घट्ट कालवलं तर मळमळ वाढते. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. बाजारातली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत. आत जाण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात ढसाढसा पिऊ नका. पारदर्शक बाटली आत नेता येते, ती न्याच.

आल्याने मळमळ खरोखर कमी होते. आलेपाकाची एखादी वडी खाण्यासोबत घ्या. केस घट्ट ओढून बांधू नका, तासाभरात टाळू दुखते. कमरेला आवळणारे कपडे घालू नका.

या सगळ्याची तालीम हवी. शेवटच्या चार-पाच रविवारी सराव पेपर दुपारी दोन ते पाचच द्या, हेच खाऊन, पंख्याखाली, एसीत नव्हे. कुठल्या खाण्याने जडपणा येतो, किती पाण्याने मध्येच उठावं लागतं, ते तिथेच कळतं.

पेपरात सुरू झालं तर

१८० मिनिटांत १८० प्रश्न, म्हणून थांबायची भीती वाटते. हिशेब करा. तीन मिनिटं थांबलात तर सरासरीने तीन प्रश्न, म्हणजे फार तर १२ गुण. दुखऱ्या डोक्याने अर्धा तास ‘अयोग्य विधान ओळखा’ ऐवजी ‘योग्य’ वाचत राहिलात, तर प्रत्येक चुकीला मिळायचे चार जातात आणि वर एक वजा होतो. थांबा, पण लवकर थांबा.

पेन खाली ठेवा, प्रश्नपत्रिका मिटा, डोळे मिटा. खांदे कानांपर्यंत उचलून पाच सेकंद धरा, सोडा, तीनदा. वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे करा, जबडा आवळलेला असतो आणि आपल्याला कळत नाही. मग नाकाने चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, १२ वेळा. यात दोन मिनिटं जातात. श्वास मोठा घेण्याची गरज नाही, बाहेर सोडणं लांबवायचं आहे. बोटांना मुंग्या आणि ओठ बधिर होत असतील, तर तुम्ही आधीच घाईघाईने जास्त श्वास घेत आहात. अशा वेळी ‘खोल श्वास घे’ हा सल्ला उलटा पडतो. शेवटी दोन घोट पाणी.

मळमळ असेल तर मान खाली घालून बसू नका. ताठ बसा, समोरच्या भिंतीवरच्या एका ठिकाणी नजर लावा. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्या लागतात, त्यांच्या मधोमध अंगठ्याने मिनिटभर दाबा. मग दुसरा हात. सगळ्यांना गुण येत नाही, पण काही बिघडतही नाही. ओला हात मानेमागून फिरवा. बाटलीचं झाकण आधी लावा आणि ती जमिनीवर ठेवा: ओएमआरवर (उत्तरांचे गोळे भरायच्या कागदावर) सांडलेलं पाणी डोकेदुखीपेक्षा महाग पडतं.

पुन्हा सुरुवात जीवशास्त्राच्या सोप्या पानापासून. भौतिकशास्त्राचं गणित अर्ध्यावर असेल तर सोडून द्या. डोकं दुखत असताना गोळे एकदम शेवटी भरायचा बेत रद्द करा. एक ओळ सरकली की पुढचं सगळं चुकतं. पान झालं की त्या पानाचे गोळे भरा आणि दर पाचव्या प्रश्नाला क्रमांक जुळवून बघा.

तोंडाला पाणी सुटलं, थंड घाम आला, की उलटी जवळ आहे. हात तेव्हाच वर करा आणि ओएमआर बाजूला सरकवा. नीटमध्ये पहिला तास आणि शेवटचा अर्धा तास स्वच्छतागृहाला जाऊ देत नाहीत, असा नियम अलीकडे असतो. प्रवेशपत्रावरच्या सूचना वाचून ठेवा. पण उलटी होणाऱ्या मुलाने पर्यवेक्षकाला स्पष्ट शब्दांत ‘मला उलटी होतेय’ सांगावं, संकोचून गप्प बसू नये; बादली किंवा पिशवी तरी मागता येते. नंतर चूळ भरा, पाच मिनिटं काही पिऊ नका, मग एकेक घोट. बहुतेकांना त्यानंतर बरं वाटतं आणि पेपर पुरा होतो.

डोळ्यांपुढे अंधारी आली तर उभं राहू नका. पायावर पाय टाकून मांड्या आणि पार्श्वभाग घट्ट आवळा, सोडा, पुन्हा आवळा. त्याने रक्त वर चढतं. लगेच पर्यवेक्षकाला बोलवा.

राज्याची एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा संगणकावर असते, तिथे पडद्याचा प्रश्न वाढतो. पेपर सुरू होण्याआधीच पडदा फार प्रखर आहे किंवा लुकलुकतोय असं सांगा; नंतर वेळ जातो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांबच्या भिंतीकडे बघा आणि मुद्दाम डोळे मिचकवा.

पेपर सोडावा लागतो तेव्हा

क्षणात उठलेली, आजवरची सगळ्यांत भयानक डोकेदुखी. तापासोबत मान ताठ. बोलणं अडखळणं, हातपाय लुळा पडणं, एकाचे दोन दिसणं. डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी. उन्हातून आल्यावर अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध. यांत वाट बघायची नसते. १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. वर्ष गेलं तर पुन्हा देता येतं.

पाच वाजल्यानंतर

ताण उतरला की अर्धशिशी उठते, हे नेहमीचं आहे. बाहेर येताच उत्तरतालिका उघडू नका. आधी पाणी, मग खाणं, दुखत असेल तर गोळी, आणि अंधाऱ्या खोलीत झोप. पुढे दुसरी परीक्षा असेल तर वहीत चार गोष्टी लिहा: दुखणं किती वाजता सुरू झालं, आधी किती तास पोट रिकामं होतं, किती झोप झाली, कुठली गोळी किती वाजता घेतली. महिन्यात चार किंवा जास्त दिवस अर्धशिशी होत असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात, आणि त्यांचा पूर्ण गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात.