वेगवान पिकअपसाठी प्रोपेलर शाफ्ट निवडताना: आधी लांबी मोजा, धातूचं नंतर बघू

फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, चेल्सीच्या चाचणी-मैदानावर, डॉज रॅम एसआरटी-१० ही दोन दारांची पिकअप ताशी १५४.५८७ मैलांनी धावली. म्हणजे ताशी जवळपास २४९ किलोमीटर. कारखान्यातून जशी बाहेर पडते तशा पिकअपसाठी तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. अशा गाड्यांच्या गप्पा इंजिनावरच रंगतात. या गाडीत तर डॉजच्याच व्हायपर या स्पोर्ट्स कारचं ८.३ लिटरचं व्ही-१० इंजिन होतं, मग काय बोलायलाच नको. पण तो वेग गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत नेणारी गाडीखालची लांब नळी, म्हणजेच प्रोपेलर शाफ्ट, कोणाच्या लक्षातही येत नाही.

अमेरिकेत सिल्व्हराडो किंवा एफ-१५० सारखी पिकअप घ्यायची, टर्बो बसवायचा आणि कॉम्प्युटरमधली वेगमर्यादा काढून टाकायची, हा बऱ्याच जणांचा शौक आहे. ती मर्यादा कंपनीने उगाच घातलेली नसते. तिच्यामागे बहुधा दोन कारणं असतात: टायर आणि प्रोपेलर शाफ्ट.

लांब नळी फिरताना मधोमध किंचित वाकते. ठरावीक फेऱ्यांना हे वाकणं नळीच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतं आणि ती दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी फुगायला लागते. या फेऱ्यांना क्रिटिकल स्पीड म्हणतात. तिथे पोहोचलेला शाफ्ट कितीही मजबूत असला तरी वाकतो, तुटतो आणि वर गाडीचा तळ फोडतो. म्हणून ‘हा शाफ्ट हजार हॉर्सपॉवर झेलतो’ एवढ्यावर दुकानदाराचं ऐकू नका. ताकद आणि वेग हे दोन वेगळे हिशोब आहेत.

१. शाफ्ट किती फिरणार ते काढा

गाठायचा वेग (ताशी किलोमीटर) गुणिले ५.३, भागिले टायरचा व्यास (मीटर), गुणिले डिफरन्शियलचा रेशो (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा). समजा, ताशी २४० चं लक्ष्य आहे, टायर ०.७११ मीटरचा म्हणजे २८ इंची आहे आणि रेशो ३.७३ आहे. उत्तर येतं मिनिटाला सुमारे ६,७०० फेऱ्या.

इथे टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा, फसवतो. ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरमध्ये, शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरतो. रेशो ०.७ च्या आसपास असेल तर इंजिन ५,००० दाखवत असताना शाफ्ट ७,००० च्या वर गेलेला असतो.

२. लांबी मोजा, चाकं जमिनीवर ठेवून

शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांत अधिक-चिन्हासारखा तुकडा असतो, तो क्रॉस. पुढच्या क्रॉसच्या मध्यापासून मागच्या क्रॉसच्या मध्यापर्यंत मोजा. गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना घेतलेलं माप चुकतं, कारण मागचा अॅक्सल खाली उतरलेला असतो. गाडी खाली बसवायची असेल (हल्ली सगळ्यांनाच बसवायची असते) तर ते काम आधी उरका, मग टेप काढा. गिअरबॉक्समध्ये सरकणारा स्लिप योक, म्हणजे शाफ्टचं पुढचं टोक, पूर्ण आत ढकलून बघा आणि दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर घ्या. एवढी मोकळीक हवीच. नाहीतर खड्ड्यात अॅक्सल वर आला की योक थेट गिअरबॉक्सला ठोकतो.

३. नळी ठरवा

खरी मेख इथे आहे. क्रिटिकल स्पीड नळीच्या व्यासाबरोबर सरळ वाढतो, पण लांबीच्या वर्गाने घटतो. लांबी दुप्पट केली तर मर्यादा चौथ्या हिश्श्यावर येते. स्टीलच्या नळीसाठी हिशोब असा: बाहेरचा आणि आतला व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, त्याला १२ कोटी १० लाखांनी गुणा आणि मिलिमीटरमधल्या लांबीच्या वर्गाने भागा.

आपल्या उदाहरणात एकसंध शाफ्ट १.५५ मीटरचा धरू. दोन मिलिमीटर जाडीची साडेतीन इंची स्टीलची नळी घेतली तर उत्तर ६,२०० च्या आसपास येतं. म्हणजे २४० गाठायच्या आधीच ती जाणार. चार इंची नळी घेतली तर सुमारे ७,१००. ‘६,७०० पेक्षा जास्त आहे की!’ असं म्हणून खूश होऊ नका. हा कागदावरचा आकडा आहे. क्रॉस, योक आणि गिअरबॉक्सचं टोक थोडं थोडं लवचिक असल्यामुळे खरी मर्यादा त्याच्या खालीच असते. म्हणून कागदावरच्या आकड्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच जायचं, असा या धंद्यातला रिवाज आहे.

आता धातूचं. अॅल्युमिनियमचा शाफ्ट हलका म्हणून जास्त वेग झेलतो, हा समज सगळीकडे आहे आणि तो अर्धवट आहे. अॅल्युमिनियम स्टीलच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढं जड, पण ताठरपणाही तिसरा हिस्साच. त्यामुळे तेवढ्याच मापाच्या नळीचा क्रिटिकल स्पीड जवळपास तोच येतो. फायदा होतो तो नळी पाच इंची करता येते म्हणून. वजन आटोक्यात राहतं. अशी नळी आपल्या लांबीला साडेआठ हजारांच्या पुढे जाते, म्हणजे ६,७०० साठी काठावर. कार्बन फायबर खरोखर वेगळं आहे. वजनाच्या मानाने त्याचा ताठरपणा पुष्कळ जास्त असतो, शिवाय तुटलं तर सहसा त्याचे तंतू सुटतात, लोखंडी पहार आपटत नाही. पण किंमत जबर, आणि एक्झॉस्ट शेजारून जात असेल तर उष्णतेची काळजी घ्यावी लागते.

दोन तुकड्यांचा शाफ्ट लांबीचा प्रश्न सोडवतो, पण मधलं सेंटर बेअरिंग रबरात बसवलेलं असल्यामुळे थोडं हलतं आणि क्रॉसही एक वाढतो. लांब केबिनच्या गाडीला दुसरा इलाज नसतो.

माझं मत विचाराल तर आधी डिफरन्शियलकडे बघा. ३.७३ च्या जागी ३.०८ चा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी) बसवला तर त्याच २४० ला शाफ्ट साडेपाच हजारच फिरतो. पाच इंची नळीला ते अगदी आरामाचं आहे. सुरुवातीचा झटका कमी होईल, पण तुमचं लक्ष्य वरचा वेग असेल तर ते परवडतं.

४. क्रॉस आणि कोन

इथे मात्र ताकदीचाच प्रश्न. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) तिप्पट होतो, ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर त्यात आणखी भर घालतो. क्रॉस मालिकेच्या क्रमांकाने मिळतात: १३१० मालिकेच्या क्रॉसची टोपी २७ मिलिमीटरची असते, १३५० ची ३० मिलिमीटरची. जोरदार गाडीला १३५० घ्या, आणि ग्रीस निपल नसलेला भरीव क्रॉस घ्या. ग्रीससाठी आतून पाडलेलं भोक क्रॉसला कमजोर करतं.

शाफ्ट दोन्ही टोकांना गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलशी जे कोन करतो ते सारखे पण उलट हवेत, एक ते तीन अंशांच्या दरम्यान. शून्य कोनही नको. टोपीतल्या बेअरिंगच्या सुया जागच्या हलल्या नाहीत की क्रॉसवर खड्डे पडतात.

५. बॅलन्सिंग

नळीच्या एका बाजूला १० ग्रॅम जास्त असले आणि ते मध्यापासून ५ सेंटिमीटरवर असले, तर ३,००० फेऱ्यांना ते सुमारे ५ किलोच्या जोराने खेचतात. ६,७०० ला तेच २५ किलो होतात. म्हणून दुकानात विचारा की बॅलन्सिंग किती फेऱ्यांवर करता. आपल्या फेऱ्यांच्या आसपास करणारं दुकान मिळालं तर चार पैसे जास्त द्या. जुन्या शाफ्टवर चिकटवलेलं वजन पडलं असेल किंवा नळीला पोचा असेल, तर तो शाफ्ट भंगारात.

६. सेफ्टी लूप

पुढचा क्रॉस तुटला तर नळीचं टोक रस्त्यात रुतून मागची गाडी उचलली जाऊ शकते. ड्रॅग रेसिंगची अमेरिकन संस्था एनएचआरए हिच्या नियमांत यासाठी शाफ्टभोवती पूर्ण वेढा सांगितला आहे: पट्टी किमान ६.३५ मिलिमीटर जाड आणि ५०.८ मिलिमीटर रुंद, पुढच्या क्रॉसपासून १५ सेंटिमीटरच्या आत. रेस करणार नसलात तरी लावा. लूप चॅसीला बोल्टने घट्ट हवा. पत्र्याच्या फ्लोअरला स्क्रूने अडकवलेला लूप शोभेचा.

बसवून झाल्यावर पहिली चाचणी बंदिस्त ट्रॅकवर, वेग टप्प्याटप्प्याने वाढवत घ्या. थरथर आली तर ती कुठली ते ओळखता येतं: ताशी १०० ला टायरचा हादरा सेकंदाला बाराएक वेळा जाणवतो, तर ३.७३ रेशोच्या गाडीत शाफ्टची घरघर सेकंदाला सेहेचाळीसएक वेळा, पायाखालच्या फ्लोअरमधून येते. न्यूट्रल करूनही ती तशीच राहिली तर इंजिनावर संशय घेऊ नका. आणि वेगाबरोबर ती एकदम चढायला लागली तर ‘याच्या पुढे गेलं की थांबेल’ अशा भरवशावर अॅक्सिलरेटर दाबू नका. पाय काढा, गाडी बाजूला घ्या आणि लांबी पुन्हा मोजा.