सीक्वेलचे रिव्ह्यू कसे वाचावेत: नानांच्या गोल्फ गेमसाठी मी काय केलं

नानांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर रोज पहाटे ते त्र्यंबक रोडवरच्या गोल्फ क्लबवर चार फेऱ्या मारायचे. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आणि तिथे रणजीचे सामने होतात, पण नाशिककर त्याला गोल्फ क्लबच म्हणतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या फेऱ्या थांबल्या. मग माझ्या भाच्याने आपला जुना एक्सबॉक्स वन, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, आणि ‘पीजीए टूर २के२१’ हा गोल्फचा गेम आजोबांसाठी आणून ठेवला. हिरवं मैदान, संथ खेळ, कुणाची घाई नाही. नाना त्यात रमले.

अडचण एकच होती. या गेममध्ये फटका मारताना हातातल्या कंट्रोलरवरची उजवी काडी अंगठ्याने खाली ओढून सरळ वर ढकलायची असते. हात तिरका गेला की चेंडू तिरका, वेग चुकला तरी चेंडू भरकटतो. नानांचा अंगठा थरथरतो. त्यामुळे दहातले सात चेंडू झाडीत.

पुढचा भाग, म्हणजे ‘२के२३’, घ्यावा का, हे ठरवायला मी रिव्ह्यू वाचायला बसले. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, इन्स्पेक्शन रिपोर्ट वाचणं हे माझं रोजचं काम. तरी पहिले दोन दिवस डोक्यात गोंधळच झाला. त्यातून जी पद्धत बसली ती सांगते.

रिव्ह्यू उघडण्याआधी कागद घ्या आणि आपल्याला काय नडतं ते लिहा. ड्रॉइंग हातात नसताना पीस मोजून उपयोग नसतो, तसंच हे. आमच्या कागदावर तीन ओळी होत्या: अंगठा थरथरतो, अक्षरं मोठी हवीत, मशीन जुनंच राहणार.

मग रिव्ह्यू लिहिणारा कुणाशी बोलतोय ते ओळखा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. सीक्वेलचा रिव्ह्यू बहुतेक वेळा ‘आधीच्यापेक्षा नवीन काय’ या एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतो. ‘२के२३’ ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, मुखपृष्ठावर गोल्फपटू टायगर वुड्स. समीक्षकांनी फटक्याच्या अनुभवाचं आणि स्वतःचं मैदान रचायच्या सोयीचं कौतुक केलं. ‘आधीचाच गेम बराचसा परत आलाय, चित्रं फार पुढे गेलेली नाहीत’ अशी तक्रारही केली. आता ही तक्रार कुणाची? ‘२के२१’ वर शेकडो तास घालवलेल्या माणसाची. त्याच्या जागी ती रास्तच आहे. पण पहिल्यांदाच घेणाऱ्याला ‘आधीसारखाच’ म्हणजे ‘आधीइतकाच चांगला’. आणि नानांसारख्याला सगळं ओळखीचं राहिलं तर उलट बरंच. म्हणून प्रत्येक वाक्यापुढे मी पेन्सिलीने खूण करत गेले: हे जुन्या खेळाडूसाठी, हे नव्यासाठी, हे दोघांसाठी. दहा मिनिटांत रिव्ह्यूचा रंगच बदलला.

याच खुणा करताना मला ती ओळ सापडली. ‘२के२३’ मध्ये तीन क्लिकचा फटका आला होता. काडी ओढायची गरज नाही, एकच बटण ठरावीक क्षणांना तीनदा दाबायचं. बऱ्याच जणांनी ‘नवख्यांसाठी सोय’ म्हणून एका वाक्यात ती निकालात काढली होती, कारण ते स्वतः काडीने खेळतात. आमच्यासाठी अख्ख्या रिव्ह्यूत तेवढंच वाक्य मोलाचं होतं. आपली ओळ कधीकधी अशी कडेला पडलेली असते. तेव्हा आधी आपल्या कागदावरचा शब्द शोधा, निष्कर्ष नंतर वाचा.

गुणांबद्दल थोडं. भाचा म्हणाला, “आत्या, पंच्याहत्तर म्हणजे डिस्टिंक्शन!” दहावीच्या निकालात असेल, इथे नाही. हा आकडा मेटाक्रिटिक या वेबसाइटवरचा. ती समीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी काढते, म्हणजे काहींच्या गुणांना जास्त वजन देते, आणि कुणाला किती वजन दिलं ते उघड करत नाही. गेमच्या जगात सत्तरीच्या घरातला आकडा म्हणजे ‘नीट केलेलं काम, काही उणिवांसह’. ‘२के२१’ आणि ‘२के२३’ दोन्ही त्याच घरात आहेत. म्हणजे दोघांत निवड करायला आकडा काहीच मदत करत नाही.

तारीख मात्र बघाच. ‘रोरी मॅकिलरॉय पीजीए टूर’ हा वेगळा गोल्फ गेम २०१५ मध्ये आला तेव्हा मैदानं मोजकी आणि आधीच्या टायगर वुड्सच्या नावाच्या गेम मालिकेतल्या बऱ्याच सोयी गायब, म्हणून समीक्षक नाराज झाले. नंतर त्यात फुकट भर पडत गेली, पण पहिल्या आठवड्यातले रिव्ह्यू तसेच राहिले. आमच्याकडे फर्स्ट पीसच्या रिपोर्टवर महिनाभराचा लॉट कुणी पास करत नाही. स्टीम या कंप्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात खेळाडूंची मतं ‘एकूण’ आणि ‘गेल्या तीस दिवसांतली’ अशी वेगळी दिसतात. दोन्ही बघा. मत देणारा किती तास खेळलाय तेही तिथे लिहिलेलं असतं. दीड तास खेळलेल्याचं आणि तीनशे तास खेळलेल्याचं म्हणणं मी एकाच तागडीत टाकत नाही.

तक्रार वाचली की विचारा: दोष पीसचा की मोजमापाच्या गेजचा, म्हणजे गेमचा की हातातल्या साधनाचा? ‘चेंडू नेहमी उजवीकडेच जातो’ असं लिहिलेलं मी बऱ्याचदा वाचलं, आणि आमच्या घरीही तेच होत होतं. मी एका दुकानातून वापरलेला कंट्रोलर आणला होता, त्याची काडी हात न लावताही जराशी कललेली असायची. गोल्फ गेममध्ये तेवढा कलही चेंडूला वाटेतून बाहेर नेतो. कंट्रोलर बदलला आणि नानांचे निम्मे चेंडू सरळ जायला लागले. मी आठवडाभर गेमला दोष देत होते याचं वाईट वाटलं.

पैशांची तक्रार मात्र पीसचीच असते. ‘२के२३’ मध्ये व्हीसी नावाचं आतलं चलन आहे. ते खेळून मिळतं आणि खऱ्या पैशांनीही विकत घेता येतं. पूर्ण किंमत मोजल्यावर पुन्हा खिशात हात घालायला लावणं मला पटत नाही, समीक्षकांचा राग योग्य आहे. नानांना टोपी-बूट बदलायची हौस नाही म्हणून आम्ही घेतला. घरात शाळकरी मूल असेल तर कार्ड जोडून ठेवू नका.

शेवटी मशीन. रिव्ह्यू कुठल्या मशीनवरचा आहे ते बघा. कंप्युटरवर घेणार असाल तर स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. त्या दोन तासांत मेनू आणि सजावटीत वेळ घालवू नका, सरळ नऊ होल खेळा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘२के२५’ आला. रिव्ह्यू चांगले होते, मी मोठ्याने वाचून दाखवत होते. नानांनी मध्येच थांबवलं. “आपल्या डब्यावर चालतो का ते बघ आधी.” बघितलं, एक्सबॉक्स वनवर तो निघालेलाच नाही. “मग पुढचं नको वाचू,” ते म्हणाले, आणि ‘२के२३’ मधलं अर्धवट राहिलेलं चौदावं होल सुरू केलं.