आजोबांची तैलचित्रं घरात आहेत? या चुका टाळा

जुन्या तैलचित्रांचं सगळ्यात जास्त नुकसान हौसेनं होतं. दुर्लक्षामुळे चित्र काळवंडतं, धूळ खातं, पण बहुतेक वेळा वाचतं. दिवाळीच्या साफसफाईत कुणी 'जरा चमकवू या' म्हणून ओलं फडकं फिरवलं, की अर्ध्या तासात जे जातं ते परत येत नाही.

आमच्या घरातली चित्रं माझ्या आजोबांची आहेत. ते कराचीत वाढले, फर्निचरचं काम तिथेच शिकले आणि फाळणीनंतर देवळालीत आले. पुढे नाशकातल्या जुन्या वस्तीत त्यांनी आयुष्यभर कपाटं आणि देव्हारे घडवले. चित्रकला कुणाकडे शिकले नव्हते. रात्री जेवणं झाली की उरलेल्या लाकडावर, बोर्डावर रंगवत बसायचे. आधी कराची रंगवली: मेरेवेदर टॉवर, किआमारी बंदरातल्या होड्या, क्लिफ्टनचा किनारा. नंतर रामकुंड आणि नारोशंकराची घंटा. आज ही चित्रं आम्हा नातवंडांच्या वेगवेगळ्या घरांत आहेत. नाशकात अशी घरं कमी नाहीत. कुणाचे आजोबा साइनबोर्ड रंगवायचे, कुणाचे मूर्तिकाम करायचे. त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

चित्र फक्त पुढून बघणं

कारागिराचं चित्र आर्ट स्कूलमध्ये शिकलेल्या चित्रकाराच्या चित्रासारखं बनलेलं नसतं. तयार कॅनव्हास महाग, म्हणून हाताशी असेल ते घ्यायचं. मांजरपाट, हार्डबोर्ड, चहाच्या खोक्याचं प्लायवूड. त्यावर सरसात कालवलेल्या खडूचा हात. रंग कधी ट्यूबमधले, कधी दुकानाच्या पाट्या रंगवायचे इनॅमल. आणि शेवटी व्हार्निश म्हणून जे कपाटाला लावायचं तेच, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख किंवा चंद्रस नावाची राळ. इंटरनेटवरचे सफाईचे उपाय या साहित्याचा विचार करून लिहिलेले नसतात. म्हणून चित्राला हात लावायच्या आधी ते उलटं करून बघा. हार्डबोर्ड असेल तर मागे जाळीसारखी खरखरीत वीण दिसते. कापड असेल तर कडेला खिळ्यांपाशी पांढरा खडू भुगभुगत असतो.

आमच्या मेरेवेदर टॉवरच्या पाठीवर सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं शिसवीचा हिशोब लिहिलेला आहे. फूट, इंच, दर, आणि खाली एका गिऱ्हाइकाच्या नावापुढे 'बाकी'. कोपऱ्यात बोर्ड कापताना आखलेली रेघही दिसते. मला विचाराल तर ती पाठ पुढच्या चित्राइतकीच मोलाची आहे, कारण हे चित्र कुणी, कुठे बसून आणि कशावर काढलं ते तिथेच कळतं. एका फ्रेमवाल्यानं त्यावर नवा प्लाय चिकटवून 'बॅक एकदम क्लीन' करून देतो म्हटलं होतं. बहुतेक घरांतल्या चित्रांच्या मागच्या खुणा अशाच बुजतात. फ्रेम बदलायच्या आधी पाठीचे, कडांचे, जुन्या खिळ्यांचे, चिकटलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो काढा. जुनी फ्रेमही फेकू नका. ती त्यांनीच घडवलेली असण्याची शक्यता मोठी असते.

तुम्हाला स्वतःला काही लिहायचं असेल तर लाकडी पट्टीवर मऊ पेन्सिलीनं लिहा. कापडाच्या पाठीवर बॉलपेन दाबून लिहिलं की त्याचा उठाव काही वर्षांनी पुढच्या रंगात दिसतो. आणि सही नसेल तर नसू द्या. नंतर कुणी हौसेनं टाकलेली सही सगळ्या संग्रहावरच शंका आणते.

एक खात्री मात्र आधी करून घ्या. जुन्या घरांत तैलचित्र समजून जपलेली पुष्कळ चित्रं छापील असतात. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथले ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, घरोघरी पोचले. काहींवर कॅनव्हाससारखा उठाव दाबलेला असतो, वरून व्हार्निशही असतं. भिंगातून बघा. छपाईत रंगांचे बारीक ठिपके दिसतात, हातानं रंगवलेल्यात ब्रशचे फटकारे. छापील निघालं तरी ते जपण्यासारखंच आहे, फक्त ते कागदाचं म्हणून जपायचं.

बटाटा, पाव, खोबरेल आणि स्पिरिट

कापलेला बटाटा किंवा कांदा चोळला की चित्र उजळतं, हे प्रत्येक घरात कुणीतरी सांगतंच. बटाट्यातलं पाणी रंगाच्या भेगांतून आत शिरतं, खालचा सरस-खडूचा थर फुगतो, आणि वरचा रंग सुटतो. मागे राहिलेल्या पिठूळ रसावर पावसाळ्यात बुरशी धरते. पावाचे कण भेगांत अडकले की झुरळं आणि मुंग्या येतात.

खोबरेल किंवा जवसाचं तेल लावलं की चित्र त्या दिवशी खरंच सुंदर दिसतं, म्हणून ही चूक फार होते. तैलरंग वाळतो तो पाण्यासारखा उडून जात नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि ही क्रिया वरवर कोरडं झाल्यावरही वर्षानुवर्षं चालते. वरून नवं जवस तेल चोळलं तर तेही तसंच घट्ट होतं, पिवळं-तपकिरी पडतं, धुळीला आत पकडून ठेवतं आणि नंतर मूळ रंगाला धक्का न लावता काढणं जवळजवळ अशक्य होतं. खोबरेल तर नीट वाळतच नाही. चिकट राहतं आणि सगळी धूळ ओढतं.

स्पिरिट सगळ्यात घातक. आजोबांनी चपड्याचा हात दिला असेल तर स्पिरिटचा बोळा फिरवताच तपकिरी रंग निघतो आणि वाटतं, वा, किती मळ निघाला! तो मळ नसतो, त्यांचं व्हार्निश असतं. त्या चपड्यात मिसळून शेवटचे बारीक हात, म्हणजे होडीचे दोर, पाण्यावरची चमक, हेही बोळ्यावर येतात. काच पुसायचे निळे स्प्रे, साबणाचं पाणी, डेटॉल, यांचंही तेच.

घरी करायचं काम एवढंच: चित्र आडवं ठेवा, खिडकीच्या उजेडात तिरकं बघा, कुठेही पोपडा उचललेला नाही ना ते तपासा. एकही पोपडा दिसला तर हात लावू नका. नसेल तर मऊ, कोरड्या, स्वच्छ रंगाच्या ब्रशनं हलकेच धूळ झटका. फडकं नको, त्याचे धागे अडकतात.

हार, कुंकू आणि समई

हे आपल्याकडचंच आहे आणि हळवं आहे, म्हणून सांगायला जड जातं. घरातल्या माणसांची व्यक्तिचित्रं गेल्या माणसांच्या फोटोंसारखी पुजली जातात. ओल्या बोटानं कुंकू लावलं की त्याचा रंग भेगांत उतरतो. गंधाचा टिळा वाळताना आकसतो आणि खालचा रंग सोबत उचलतो. ताज्या हाराचं पाणी फ्रेमच्या खालच्या पट्टीत साचतं, आणि बहुतेक जुन्या चित्रांची खालची कड म्हणूनच सगळ्यात आधी कुजते. आमच्या आत्यानं यावर छान तोड काढली. आजीच्या चित्राचा फोटो काढून काचेत बसवला, पूजा त्या फोटोची होते. चित्र दुसऱ्या खोलीत आहे. समई आणि धूपाची काजळी तेलकट असते. ती कोरड्या ब्रशनं निघत नाही, म्हणून देवघराच्या भिंतीवर चित्र मुळात लावूच नका.

नाशकाची हवा

कोरडी थंडी, एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकणारा पारा, मग ओले चार महिने. कापड, लाकूड, सरस हे सगळं या फेऱ्यात फुगतं आणि आकसतं. वाळलेला रंग तेवढा ताणत नाही, म्हणून तडकतो. बदल टाळता येत नाहीत, मंद करता येतात.

जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंती ओल धरतात. चित्र लावायचंच असेल तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्रामध्ये हवा खेळते. पश्चिमेच्या उन्हाची भिंत, गॅसच्या वरची भिंत, एसीच्या झोताची भिंत नको. हवेतला ओलावा ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशी येते. छोटा डिजिटल आर्द्रतामापक घेऊन चित्राजवळ ठेवा, अंदाजानं काम करू नका.

पाऊस संपला की गाद्या-गोधड्यांसोबत चित्रंही गच्चीवर उन्हात टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. ऊन लागून वरचा थर तापतो, मागचं ओलं कापड आकसतं आणि रंग वाटीसारखा कडांनी वर उचलतो. सावलीत, पंखा दुसरीकडे वळवून, हळूहळू कोरडं होऊ द्या.

माळ्यावर ठेवणं तितकंच वाईट. स्लॅबखाली उन्हाळ्यात भट्टी असते. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं तर आतला ओलावा आतच राहतो. डांबरगोळ्यांची वाफ व्हार्निशवर परिणाम करू शकते, त्या चित्राशेजारी नकोत. आणि कापडी चित्र गुंडाळी करून ट्रंकेत टाकणं तर टाळाच. अगदीच इलाज नसेल तर रंग बाहेरच्या बाजूला येईल असं, जाड नळकांड्यावर, सैल गुंडाळा. रंग आत ठेवून बारीक गुंडाळी केली की तो चुरगळतो. पूर्ण काळोखात ठेवलेल्या चित्रातलं तेल पिवळं पडतं, हेही अनेकांना माहीत नसतं. बेताच्या उजेडात आणल्यावर हा पिवळेपणा काही महिन्यांत बराच कमी होतो, म्हणून माळ्यावरून काढलेलं चित्र पिवळं दिसलं की लगेच 'साफ' करायला धावू नका.

फ्रेमच्या दुकानात

झोळ पडलेलं कापड ताणायचा सोपा उपाय म्हणून ते फेविकॉलनं प्लायवर चिकटवून दिलं जातं. हे कधीही करू देऊ नका. ते पुन्हा सुटत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात लाकडी पाचरी असतील तर त्या जाणकाराकडून किंचित ठोकून घेतल्या की झोळ कमी होतो. फाटलेल्या जागी मागून सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक वर्षांनी पुढे पाझरतो. काच लावायची असेल तर काच आणि रंग यांच्यात पट्टीचं अंतर हवं. चिकटून बसवलेल्या काचेला पावसाळ्यात रंग धरतो.

घरात पुराचं पाणी आलं तर

पंचवटी, सराफ बाजार, गोदाकाठची घरं यांना हे नवीन नाही. २००८, २०१६, २०१९, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढलं यावरून आपण पूर मोजतो. भिजलेलं चित्र फ्रेममधून काढा, पण ज्या लाकडी चौकटीवर कापड ताणलंय तिच्यावरून काढू नका. रंगाची बाजू वर ठेवून आडवं ठेवा. वरचा चिखल पुसू नका. खाली कोरडे सुती कपडे घाला, ते बदलत राहा. ऊन, हेअर ड्रायर, इस्त्री यांपैकी काही नको. ओली चित्रं एकावर एक रचू नका.

कधी थांबायचं

पोपडे निघत असतील, रंग पिठूळ होऊन बोटाला येत असेल, पांढरा रंग तुकड्यातुकड्यानं निसटत असेल (पाट्यांच्या रंगातला झिंक व्हाइट जुना झाला की फार ठिसूळ होतो), तर घरचे उपाय बंद. बुरशी असेल तर ते चित्र इतरांपासून वेगळं करून कोरड्या खोलीत ठेवा. ओल्या बुरशीला ब्रश लावला तर ती पसरते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणारी 'इंटॅक' ही संस्थाही चित्रांच्या संवर्धनाचं काम करते. तिथे फोटो दाखवून सल्ला विचारा. कुणाकडेही दिलं तरी तीन गोष्टी आधी विचारा: काय वापरणार, ते पुढे काढता येईल का, आणि केलेल्या कामाची लेखी नोंद फोटोंसकट देणार का. 'नव्यासारखं करून देतो' म्हणणाऱ्याला देऊ नका. तो आजोबांच्या रंगावर स्वतःचा रंग चढवतो.

वाटणी

चित्रं भावंडांत वाटायच्या आधी सगळी एका जागी आणून यादी करा. आकार, कशावर काढलंय, काय दाखवलंय, मागे काय लिहिलंय, कुणाला काय आठवतं. कराचीची चित्रं ओळखणारी शेवटची माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. हे काम त्यांच्यासमोर, फोनचं रेकॉर्डिंग लावून करा.

चित्र ज्याच्याकडे गेलं त्याला त्याचं कॅलेंडर छापायचा हक्क आपोआप मिळेलच असं नाही. कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि वारसांकडे जातो, तेव्हा हे आपसात लिहून ठेवा. कुणी परदेशात नेणार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी बघा. १०० वर्षं किंवा त्याहून जुनं चित्र खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आमच्यासारखी पन्नास-साठच्या दशकातली चित्रं त्यात येत नाहीत, पण कस्टममध्ये अडू नये म्हणून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून आधीच घ्या. तिकिटं काढायच्या आधी अर्ज करा, आणि अर्जासोबत पुढून, मागून, दोन्ही बाजूंचे फोटो तयार ठेवा.