भरती-ओहोटीचा तक्ता लाटेकमध्ये लावताना या चुका टाळा

हर्णैला आमच्या वाडीत दरवर्षी भरती-ओहोटीच्या वेळांची ए-५ आकाराची पुस्तिका छापून घरोघर देतो. वेळा सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोष्टकांवरून घ्यायच्या, मांडणी मी लाटेकमध्ये (आज्ञा टाइप करून पानं जुळवण्याच्या संगणकप्रणालीत) करायची. पहिल्या वर्षी प्रती हातात आल्या तेव्हा शेवटच्या रकान्यात तास दिसत होते, मिनिटं पानाबाहेर गेली होती. तो रकाना दुसऱ्या ओहोटीचा. खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जाणाऱ्या बायका तीच वेळ बघून घरातून निघतात. तेव्हापासून तक्त्याची रुंदी मी कधी अंदाजाने देत नाही.

(खाली आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, आधी बॅकस्लॅश देऊन टाइप करायची.)

दिलेली रुंदी म्हणजे पूर्ण रकाना नव्हे

ए-५ पान १४८ मिमी रुंद. दोन्ही बाजूंना १५ मिमी समास सोडला की मजकुराला ११८ मिमी उरतात. माझे रकाने सहा: तारीख, तिथी, दोन भरत्या, दोन ओहोट्या. मी सहा 'पी' (ठरावीक रुंदीच्या) रकान्यांना टेक्स्टविड्थचे, म्हणजे मजकुराच्या रुंदीचे, असे भाग दिले की बेरीज बरोबर १ व्हावी. कागदावर हिशेब चोख होता. पण लाटेक प्रत्येक रकान्याच्या डावीउजवीकडे टॅबकॉलसेप एवढी जागा स्वतःहून सोडतं, न बदलल्यास ६ पॉइंट. सहा रकान्यांचे १२ टॅबकॉलसेप, म्हणजे ७२ पॉइंट. ॲरे पॅकेज (तक्त्यांसाठीची जोडणी) असेल तर सात उभ्या रेघांचे प्रत्येकी ०.४ धरून आणखी २.८. एकूण ७४.८ पॉइंट, म्हणजे २६ मिमीहून थोडं जास्तच. उजवा समास १५ मिमीचा, त्यामुळे ११ मिमी तक्ता पानाबाहेर. लॉग फाइलमध्ये (लाटेक इशारे नोंदवतं ती) 'ओव्हरफुल एचबॉक्स', म्हणजे मजकूर रुंदीबाहेर गेला, म्हणून हाच ७४.८ चा आकडा होता, मी तो वाचला नव्हता. पीडीएफ तयार झाली की लॉगमध्ये हा शब्द शोधायचाच.

उपाय सोपा आहे. प्रत्येक रकान्याच्या रुंदीतून दोन टॅबकॉलसेप वजा करायचे आणि एखाद्या रकान्यातून सातही रेघांची जाडी. तक्त्याच्या दोन्ही कडांची जागा '@' आणि रिकामा महिरपी कंस वापरून काढली असेल, तर १२ ऐवजी १०च धरायचे. हा विसर फार जणांना पडतो.

वजाबाकी सहा वेळा लिहू नका

ती न्यूकॉलमटाइपमध्ये (नव्या प्रकारचा रकाना ठरवणारी आज्ञा) एकदाच लिहा: एका अक्षराचा नवा रकाना, त्याला रुंदीचा अपूर्णांक हा एक आर्ग्युमेंट (आज्ञेला पुरवायचं मूल्य), आत डायमेक्स्प्रने (लांबीचा हिशेब करणारी आज्ञा) वजाबाकी. त्यासाठी एल, सी, आर, पी, एम, बी ही छोटी अक्षरं घेऊ नका, ती आधीच कामाला लागलेली आहेत. मजकूर मध्ये आणायला सेंटरिंग लिहिलं तर त्यापुढे ॲरेबॅकस्लॅश हवंच. नाहीतर शेवटच्या रकान्यातला दुहेरी बॅकस्लॅश तक्त्याची ओळ संपवत नाही, रकान्यातलीच ओळ तोडतो. मग पुढच्या एचलाइनवर (आडव्या रेघेची आज्ञा) 'मिसप्लेस्ड नोअलाइन' येतं आणि माणूस चूक एचलाइनमध्ये शोधत बसतो.

तिथीचा रकाना सेटटूविड्थने (मजकुराची रुंदी मोजणारी आज्ञा) मोजून ठरवा. 'मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी' मोजली की बाकी तिथ्या मावतात. फक्त तक्ता स्मॉलमध्ये (लहान अक्षरांत) असेल तर मोजमापही स्मॉलमध्ये करा.

मॅक्रो आणि विभक्ती

इंग्रजी मजकुरात न येणारी ही अडचण आहे. समजा, गाव नावाचा मॅक्रो (आपण स्वतः केलेली आज्ञा) 'हर्णै' छापतो. त्यापुढे मोकळी जागा सोडून 'बंदर' लिहिलं तर ती जागा मॅक्रो गिळतो आणि 'हर्णैबंदर' छापलं जातं. जागा न सोडता 'ला' लिहिलं तर आणखी पंचाईत. झीलाटेकला (युनिकोड मजकूर थेट वाचणारं लाटेक) देवनागरी अक्षरंही अक्षरंच वाटतात, त्यामुळे 'ला' आज्ञेच्या नावातच जातो आणि 'अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स' म्हणून गाडी अडते. दोन्हींवर इलाज एकच: मॅक्रोनंतर रिकामा महिरपी कंस.

पण 'उधाण'ला तो इलाज पुरत नाही. 'उधाणाला' हवं असेल तर सुटा काना कंसाबाहेर चिकटवू नका, सामान्यरूपाचा वेगळा मॅक्रो करा. मी उधाण आणि भांग (लहान भरती) या दोन्हींसाठी तसे जोड मॅक्रो ठेवले आहेत. मॅक्रोच्या नावात आकडा चालत नाही, हेही लक्षात असू द्या. 'भरती१', 'भरती२' अशी नावं मनात येतात, पण पहिली-दुसरी असंच लिहावं लागतं.

ओळीचा मॅक्रो

अमावास्या-पौर्णिमेला मी तक्त्यात 'उधाण' अशी आडवी पट्टी टाकतो. पट्टीच्या मॅक्रोत मल्टिकॉलम (अनेक रकाने एकत्र करणारी आज्ञा) अगदी सुरुवातीला हवं. त्या मॅक्रोला ऐच्छिक आर्ग्युमेंट दिलं की 'मिसप्लेस्ड ऑमिट' येतं, कारण ते आर्ग्युमेंट आहे का हे तपासण्यातच रकाना सुरू झालेला असतो. ऐच्छिक काही ठेवू नका, दोन वेगळे मॅक्रो करा.

रोजच्या ओळीच्या मॅक्रोला सहा आर्ग्युमेंट आहेत. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे महिन्यात काही दिवस चारऐवजी तीनच वेळा येतात. त्या दिवशी चौथी जागा गाळायची नाही, रिकामा कंस द्यायचाच. तो राहिला तर मॅक्रो पुढचा दुहेरी बॅकस्लॅशच सहावं आर्ग्युमेंट म्हणून उचलतो.