लोणी कढवताना फोन दुसऱ्या खोलीत

डोळे मिटून शांत बसणं मला जमत नाही. दोन मिनिटांत वाण्याची यादी सुरू होते. म्हणून दर रविवारी मी लोणी कढवते.

जाड बुडाचं पातेलं घ्या, गॅस मंद ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत. (हेच सगळ्यात अवघड.) अर्धा किलो लोण्याला माझ्याकडे २५ मिनिटं तरी लागतात. तेवढा वेळ कान द्यायचा. आधी लोण्यातलं पाणी उडतं, तेव्हा चांगला तडतडाट होतो, वर पांढरा फेस येतो. गॅस मोठा करायचा मोह होईल, करू नका. हळूहळू आवाज बारीक होतो, फेस विरतो, तळ दिसू लागतो. मन भरकटलं की पुन्हा त्या आवाजाकडे यायचं, स्वतःवर न चिडता. आवाज जवळजवळ थांबला, तळाशी साचलेला गाळ म्हणजे बेरी, ती बदामी दिसली की लगेच गॅस बंद. पातेल्याच्या उष्णतेनं ती आणखी रंग धरते.

गेल्या महिन्यात शेजारीण आली, मी दारातच गप्पांत रमले. बेरी काळी, तुपाला करपट वास.

बरी जमली तर बेरीत साखर घालून तिथंच ओट्याशी खाते. ती कढवणाऱ्याची.