जुन्या मोटारसायकलच्या सीटवर चामडे चढवताना
एकेरी सीटसाठी वनस्पतिजन्य टॅनिनने (झाडांच्या साली वगैरेंतील तुरट द्रव्याने) कमावलेले, साधारण 3 ते 4 मिलिमीटर जाडीचे चामडेच निवडावे. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले चामडे कितीही मऊ आणि देखणे असले, तरी ओले करून दिलेला आकार ते नीट धरून ठेवत नाही. चामडे कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावे, बाहेर काढल्यावर त्याचा मूळ रंग परतू लागला की पत्र्याच्या सांगाड्यावर मध्यापासून कडेकडे ताणत न्यावे आणि कडा आवळून सावलीत पूर्ण वाळू द्यावे. रंग न दिलेले उघडे लोखंड, मग तो पत्रा असो वा चिमटा, ओल्या चामड्याला लागू देऊ नये. लोखंड आणि टॅनिन यांच्या संयोगाने पडणारे काळे डाग सहज निघत नाहीत. रिव्हेटची (चामडे सांगाड्याला पक्के करणाऱ्या धातूच्या खिळ्यांची) भोके वाळल्यानंतरच पाडावीत, कारण ओलेपणी पाडलेली भोके ताणाने लांबट होतात.